दीड किलोमीटरचं बेट, दीड दिवसाचं युद्ध

आसनगावच्या फलाटावरची बारा डब्यांची कसारा लोकल डोळ्यांसमोर आणा. लांबी साधारण 260 मीटर. अशा सहा लोकल एकामागे एक उभ्या करा. झालं! जवळजवळ एवढ्याच लांबीचं एक बेट कारवारच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे. नाव अंजदीव. मुंबई ते पुणे रेल्वेनं 192 किलोमीटर. त्या रुळांवर अशी सव्वाशेच्या वर बेटं ओळीनं मावतील. आणि एवढ्याशा बेटावरून सुटलेल्या गोळ्यांनी 43 कोटी 90 लाख माणसांच्या देशाला रणांगणात उतरवलं!

साल 1961, महिना नोव्हेंबर. ‘साबरमती’ ही बोट अंजदीवजवळून चालली होती. गोव्यासारखंच हे बेटही तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं, तिथं त्यांची शिबंदी होती. तिनं गोळ्या झाडल्या, बोटीवरचा एक इंजिनिअर जखमी झाला. पाठोपाठ मासेमारीच्या एका होडीवर गोळीबार, आणि त्यात एक मच्छीमार ठार. समुद्र कुणाचा, हे भांडण तसं जुनंच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ हा परवाना नसलेलं गलबत या किनाऱ्यावर सुखरूप जाईल याची खात्री नसे. पण आता समोर होता 14 वर्षांचा स्वतंत्र देश, आणि तोही तटस्थ. नुसता तटस्थ नाही, तटस्थांचा म्होरक्या! सप्टेंबरात बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली, 25 देश जमले, तिथं नेहरूंनी जगाला शांततेचा आग्रह धरला. ती परिषद 6 सप्टेंबरला संपली. भारतीय सैन्य गोव्यात शिरलं 18 डिसेंबरला. मोजा बोटांवर: 103 दिवस!

म्हणजे केवळ चार गोळ्यांनी युद्ध पेटलं का? छे. 1950 पासून बोलणी मागून झाली होती, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार दाद देत नव्हता. 1954 मध्ये जुन्या ठाणे जिल्ह्याला लागून असलेलं दादरा-नगर हवेली स्वयंसेवकांनी सोडवलं, तर पोर्तुगाल थेट हेगच्या न्यायालयात गेला. 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले, तेव्हा वीसहून जास्त जण गोळ्यांना बळी पडले. तरी दिल्लीनं सैन्य धाडलं नाही. दारू ठासून तयार होती, समुद्रावरच्या गोळ्यांनी तिला बत्ती दिली.

आता आकडे घ्या, आणि जरा घट्ट धरून बसा. गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर. आपला आजचा ठाणे जिल्हा 4,214. म्हणजे शहापूर, मुरबाड, कल्याण, भिवंडी धरून जेवढी आपली जमीन, तिच्यात अख्खा गोवा ठेवून वर पाचशे चौरस किलोमीटर शिल्लक! एवढ्याशा मुलखासाठी लिस्बन हट्टाला पेटलं होतं, आणि लिस्बन इथून सरळ रेषेत आठ हजार किलोमीटरांवर. मुंबई-पुणे प्रवास चाळीसहून जास्त वेळा करा, मग तिथं पोहोचाल. पोर्तुगालची लोकसंख्या तेव्हा 90 लाखांच्या आत. एका पोर्तुगीजामागे 49 भारतीय!

भारताचं सैन्य साधारण 45,000 सांगतात. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये साडेचार हजार माणसं कोंबली जातात असं धरलं, तर खच्चून भरलेल्या दहा लोकल. (मुरबाडकरांनी राग मानू नये, त्यांच्याकडे गाडी यायची आहे.) आणि पोर्तुगीज? सगळे मिळून एक लोकल भरेल, न भरेल. गर्दीवरून आठवलं: हल्ल्याच्या आधी ‘इंडिया’ नावाचं पोर्तुगीज जहाज मुरगावला आलं. क्षमता 380 प्रवाशांची, चढली सुमारे 700 माणसं. संडासातसुद्धा माणसं बसली होती. संध्याकाळच्या कसारा लोकलनं घरी येणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग आली ‘विक्रांत’. भारताची पहिली विमानवाहू नौका, त्याच नोव्हेंबरात मुंबईला पोहोचलेली, आपल्या ताफ्यात अगदी नवी. लांबी 213 मीटर, म्हणजे लोकलचे दहा डबे. पूर्ण भारानिशी वजन 19,500 टन. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते असं शास्त्र म्हणतं, आपण मान डोलावू आणि पुढे जाऊ. मुरबाडकडची चार मीटर व्यासाची विहीर घ्या, पाच मीटर पाणी धरा: साधारण 63 हजार लिटर. अशा 310 विहिरींचं पाणी ‘विक्रांत’ नुसती उभी राहून बाजूला सारत असे! दहा हजार लिटरचे 1,950 टँकर! भातसा आणि तानसा कुशीत असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहापूरच्या पाड्यांवर हा हिशेब सांगताना मात्र मलाच ओशाळल्यासारखं होतं.

आकाशातून काय आलं? पहिल्याच फेरीत 12 कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंड बाँब टाकले. साडेअठ्ठावीस टन. तांदळाची पन्नास किलोची 570 पोती आभाळातून एकाच पट्टीवर कोसळली असं समजा! आणि गंमत पाहा, एवढं होऊनही दोन पोर्तुगीज विमानं त्या रात्री तिथूनच उडाली आणि कराचीला पोहोचली.

मुरगावच्या बंदरात एकच पोर्तुगीज युद्धनौका होती, तीही पंचवीस वर्षांवर जुनी. नाव ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. 1510 मध्ये गोवा ज्यानं घेतला, त्याचंच नाव! ती भारतीय फ्रिगेटींशी लढली आणि शेवटी किनाऱ्याला लागली.

इथं मात्र हसू आवरा. अंजदीव घेताना नौदलाचे सात जण कामी आले. या युद्धात भारताचे 22 आणि पोर्तुगालचे सुमारे 30 सैनिक मेले. प्रमाणानं लहान म्हणावेत असे आकडे. घराघरात ते तसे नव्हते.

सालाझारचा हुकूम होता: शरणागती नाही, निदान आठ दिवस टिकाव धरा. गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांनी 19 डिसेंबरच्या रात्री शरणागती दिली. सगळं आटोपलं साधारण 36 तासांत!

451 वर्षांची सत्ता, 36 तास. रोजचा एक रुपया गल्ल्यात टाकत गेलात तर 451 वर्षांत 1,64,700 रुपये जमतील. त्यातला युद्धाचा वाटा दीड रुपया. नाही पटत? गाडीत बसा. ही सगळी वर्षं मुंबई-पुणे मार्गावर पसरा. एक वर्ष म्हणजे सव्वाचारशे मीटर. मुंबई सुटली, कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढला, लोणावळा गेलं, पोर्तुगीज अजून आहेतच! भारत स्वतंत्र होतो तो कुठं? पार खडकीच्या आसपास, पुणे सहा किलोमीटरवर आल्यावर. आणि युद्ध? पुण्याच्या फलाटावरचे शेवटचे पावणेदोन मीटर. एक माणूस आडवा झोपला तर संपलं!

भांडण मात्र तेवढ्यात मिटलं नाही. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीच्या आणि सैन्य मागे घेण्याच्या ठरावाला 7 मतं मिळाली, विरोधात 4, आणि सोव्हिएत नकाराधिकारानं तो पडला. गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालनं लेखी मान्य केलं 31 डिसेंबर 1974 ला, म्हणजे 13 वर्षांनी, युद्धाला लागला त्याच्या तीन हजार पटींहून जास्त वेळ घेऊन. त्या करारावर भारतातर्फे सही आहे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची. गोवा मोकळा झाला तेव्हा ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.