किशोरवयीनांचे व्यसनमुक्ती-उपचार अपुरे का राहतात?

पाचवे शील ग्रहण करताना उपासक 'समादियामि' असे म्हणतो. हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे; शील ज्याचे त्याने घ्यावयाचे असते, पित्याने पुत्राकरिता नव्हे. यावरून अनेकजण असा निष्कर्ष काढतात की, ज्या मुलाला स्वतःलाच व्यसन सोडावयाचे नाही त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवणे व्यर्थ होय. आम्हीही पूर्वी असेच मानीत होतो. मुलांच्या बाबतीत हा समज घातक आहे, असे आता आमचे मत झाले आहे.

पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा स्वेच्छेने उपचारास क्वचितच येतो. त्याला आईवडील, शाळा किंवा न्यायालय आणते. अनिच्छेने आलेल्यासही उपचार लागू पडतो, हे या क्षेत्रात मान्य आहे. प्रश्न तो टिकण्याचा आहे. अमेरिकेत १९९३ ते १९९५ या काळात चार शहरांत उपचारास दाखल झालेल्या १,१६७ किशोरवयीनांची पुढे वर्षभराने पाहणी झाली. जे अधिक काळ उपचारांत राहिले त्यांच्यात सुधारणा अधिक आढळली. तीन महिन्यांहून कमी उपचाराचा परिणाम तोकडाच पडतो, असे जाणकार मानतात.

मग मूल मध्येच का निघून जाते? नशा तुटल्यावर आरंभी शरीर बंड करते. व्यसनी त्यास 'टर्की' म्हणतात. हा त्रास औषधांनी बराचसा आवरता येतो. खरा धोका त्यानंतरचा. अंगी बळ आले की मुलाला आपण बरे झालो असे वाटते, आईलाही तसेच वाटते आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते! घरच्यांनाही समुपदेशनात सामील करून घेतले, तर असा उतावीळपणा बराच टळतो. नैराश्य किंवा अवधान न टिकण्याचा विकार व्यसनाआड दडलेला असेल व त्यावर इलाज झाला नाही, तर मूल टिकणे अवघडच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार हुंगण्याच्या नशेचे प्रमाण प्रौढांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के आहे. व्हाइटनर हुंगणारा असा मुलगा जुन्या मद्यपींच्या खोलीत ठेवला, तर त्याला तेथे आपले कोण वाटणार? सिगालोवादसुत्तात मद्यपानातील सोबत्याची गणना मित्ररूपी शत्रूंत केली आहे. असे सोबती मुलाची बाहेर वाट पाहत असतातच. आत त्याचे ऐकून घेणारा, न रागावणारा एखादा समुपदेशक भेटला, तर 'समादियामि' हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातही त्याच्या तोंडून निघू शकतो.