यंत्राशी ठरीव संवाद : व्हीपीएनची जोडणी आणि ‘एक्सपेक्ट’ भाषा

विद्यापीठाच्या आवाराबाहेर असलेल्या अभ्यासकाला ग्रंथालयाची इलेक्ट्रॉनिक नियतकालिके किंवा विभागाच्या सर्व्हरवरील बोलींची ध्वनिमुद्रणे हवी असतील, तर बहुधा प्रथम व्हीपीएनची जोडणी करावी लागते. व्हीपीएन म्हणजे सार्वजनिक इंटरनेटमधूनच, परंतु सांकेतिक लिपीच्या आवरणाखाली नेलेला खाजगी मार्ग होय. जोडणीच्या वेळी यंत्र नाव विचारते, पासवर्ड विचारते, व उत्तरे मान्य झाल्यास मार्ग खुला करते. हा नित्याचा संवाद मनुष्याऐवजी यंत्राकडून करविता येतो. तो कसा, आणि त्यात सावधगिरी कोठे हवी, हे ‘ओपनव्हीपीएन’ या प्रोग्रॅमच्या उदाहरणाने पाहणे उपयुक्त ठरेल.

शेलच्या साध्या स्क्रिप्टने हे काम का साधत नाही, हा पहिला प्रश्न. शेलमध्ये एका प्रोग्रॅमने दिलेला मजकूर दुसऱ्याकडे सोपविता येतो. तथापि पासवर्ड विचारणारे प्रोग्रॅम बहुधा या वाटेने आलेले उत्तर स्वीकारीत नाहीत. ते थेट टर्मिनलकडे वळतात. समोर मनुष्य बसला आहे, असे त्यांचे गृहीत असते. ही अडचण दूर करणारी ‘एक्सपेक्ट’ ही भाषा अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेतील डॉन लिबेस यांनी १९९० साली सिद्ध केली. तिचा पाया जॉन औस्टरहाउट यांच्या ‘टीसीएल’ भाषेचा आहे. एक्सपेक्ट एक आभासी टर्मिनल निर्माण करते आणि इष्ट प्रोग्रॅम त्यात चालविते. त्या प्रोग्रॅमला आपण खऱ्या टर्मिनलशीच बोलत आहो असे वाटते.

या भाषेचा सारा व्यवहार मुख्यतः तीन क्रियापदांवर चालतो. ‘स्पॉन’ने प्रोग्रॅम सुरू होतो, ‘एक्सपेक्ट’ने विशिष्ट मजकुराची वाट पाहिली जाते, आणि ‘सेंड’ने उत्तर धाडले जाते. ‘एन्टर ऑथ युजरनेम’ हे शब्द दिसताच नाव पाठवावे, ‘एन्टर ऑथ पासवर्ड’ दिसताच पासवर्ड पाठवावा, आणि ‘इनिशिअलायझेशन सीक्वेन्स कम्प्लीटेड’ हे वाक्य आले म्हणजे जोडणी पूर्ण झाली असे समजावे, अशी ही रचना आहे.

येथे भाषाभ्यासकाला परिचित असा एक भेद लक्षात घ्यावा लागतो. स्क्रिप्टला प्रश्नाचे रूप ओळखता येते. अर्थ कळत नाही. म्हणूनच रोमन लिपीतील ‘पासवर्ड’ शब्दाचे पहिले अक्षर गाळून उरलेला भाग शोधण्याची प्रथा पडली आहे. कारण ते अक्षर कधी मोठे असते, कधी लहान. ओपनव्हीपीएनला सामान्यतः प्रशासकाचे अधिकार लागतात व ते ‘सुडो’ या आज्ञेने मिळतात. परंतु सुडोचा प्रश्न प्रणालीच्या भाषेप्रमाणे बदलू शकतो. संगणकाची भाषा बदलली की कालपर्यंत चालणारी स्क्रिप्ट मुकी होते. सबब प्रश्नाचा मजकूर सुडोला आपणच ठरवून द्यावा, हे उत्तम.

याहून गंभीर धोका प्रतीक्षेच्या मर्यादेत आहे. अपेक्षित मजकूर दहा सेकंदांत न आल्यास, वेगळी सूचना नसेल तर, स्क्रिप्ट पुढील ओळीकडे जाते. म्हणजे प्रश्न विचारलाच गेला नसता पासवर्ड धाडला जातो, आणि तो पडद्यावर उघडा पडण्याचा संभव असतो. यास्तव प्रत्येक ठिकाणी मुदत संपणे, प्रोग्रॅम मध्येच थांबणे आणि पासवर्ड नाकारला जाणे, या तिन्ही शक्यतांची स्वतंत्र तरतूद हवी. नकारानंतर पुनःपुन्हा प्रयत्न करणारी स्क्रिप्ट खाते बंद पडण्यास कारण होऊ शकते.

जोडणीइतकेच महत्त्व ती तोडण्याला आहे. स्क्रिप्ट संपली की आभासी टर्मिनल मिटते, आणि आतील प्रोग्रॅमला ‘हँगअप’ हा संकेत मिळतो. बहुतेक प्रोग्रॅम त्याचा अर्थ ‘थांबा’ असा घेतात. ओपनव्हीपीएन मात्र ‘पुन्हा आरंभ करा’ असा घेतो. संकेत एकच, अर्थ भिन्न. म्हणून काम संपताच कंट्रोल-सी हे चिन्ह स्पष्टपणे पाठवावे आणि प्रोग्रॅम खरोखर संपेपर्यंत वाट पाहावी. चुकून खुल्या राहिलेल्या मार्गाने अभ्यासकाचा खाजगी व्यवहारही विद्यापीठाच्या सर्व्हरवरून जात राहू शकतो.

शेवटी पासवर्डचा प्रश्न उरतो. तो स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवणे सोयीचे खरे. परंतु स्क्रिप्टची प्रत ज्याच्या हाती जाते, त्याच्या हाती पासवर्डही जातो. प्रत्येक वेळी तो मनुष्याकडूनच, अक्षरे पडद्यावर न उमटविता, मागून घेण्याची सोय एक्सपेक्टमध्ये आहे. जेथे फोनवर येणारा तात्पुरता अंकही लागतो, तेथे तर स्क्रिप्टने थांबून मनुष्यालाच बोलू द्यावे. त्या अंकाचा हेतूच फोन त्या मनुष्याच्या ताब्यात आहे याची खातरजमा करणे हा असतो. आणि ही एक साक्ष यंत्राने मनुष्याच्या वतीने देऊ नये.