लोंबता थेंब

तंजावरला गेलेल्या मराठी माणसाची पावले प्रथम सरस्वती महाल ग्रंथालयाकडे वळावीत हे स्वाभाविकच आहे, आणि संपादकांनी मला धाडले होते तेही तेथल्या मोडी दप्तरासाठीच. परंतु १७९८ ते १८३२ या काळात राज्य करणाऱ्या ज्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महालात औषधांची परीक्षा करविली आणि नेत्ररुग्णांच्या डोळ्यांची चित्रे काढवून ती जतन केली, त्यांच्या नगरीत डोळ्यांना कधीच न दिसणाऱ्या वस्तूंचा आकार ठरविण्याची विद्या आज नांदत असावी, हे मला दप्तराइतकेच मोलाचे वाटले.

शहराबाहेर तिरुचीच्या रस्त्यावर तिरुमलैसमुद्रम येथे ‘शास्त्रा’ अभिमत विद्यापीठ आहे. १९८४ साली अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ते सुरू झाले, एवढा इतिहास येथे पुरे. तेथे जैवरेणूंच्या स्फटिकविज्ञानाची एक प्रयोगशाळा आहे, आणि ज्या प्रांतात जी. एन. रामचंद्रन व गोपीनाथ कर्ता यांनी १९५४ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने कोलॅजनच्या तिहेरी पिळाचा उलगडा मद्रासेत मांडला, त्या प्रांताला ती शोभून दिसते.

या विद्येत मला सर्वांत गुंतवून ठेवले ते एका थेंबाने. प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी ओळखावयाची तर आधी त्याचा स्फटिक जमवावा लागतो. काचेच्या पातळ चकतीवर शुद्ध प्रथिनाचा मायक्रोलिटरभर द्रव ठेवावयाचा, त्यात तितकाच क्षारयुक्त द्रव मिसळावयाचा, मग चकती उलटी करून तो थेंब त्याच क्षारद्रवाच्या लहानशा कुंडावर लोंबता ठेवावयाचा आणि कडेला ग्रीस लावून हवेची वाट बंद करावयाची. थेंबातील पाणी वाफ होऊन हळूहळू कुंडाकडे जाते, प्रथिन दाट होत जाते आणि दैव अनुकूल असेल तर त्याचे रेणू शिस्तीने रांगा धरून बसतात. पाकातून खडीसाखर जमावी तसाच हा प्रकार. परंतु खडीसाखर हमखास जमते आणि प्रथिनाचा बहुधा गढूळ साका होतो. मग आम्लता किंचित बदलावी, क्षार बदलावा, थेंब थंड खोलीत हलवावा आणि पुन्हा वाट पाहावी. शेकडो थेंबांनंतर एखादा स्फटिक हाती लागला, तरी त्यात निम्म्याच्या आसपास पाणीच असल्यामुळे जरा धक्का लागताच तो भंगतो.

स्फटिक मिळाला म्हणजे रचना मिळाली असेही नव्हे. क्ष-किरण त्यातून विखुरले की उमटणाऱ्या ठिपक्यांची तीव्रता नोंदली जाते, पण कोणती लाट कोणत्या टप्प्यावर आली याची नोंद हरवते. डोरोथी हॉजकिन यांनी इन्सुलिनच्या स्फटिकाचे छायाचित्र १९३५ साली प्रसिद्ध केले आणि रचना हाती आली ती १९६९ साली. त्या शेवटच्या चमूत आपले एम. विजयन होते.

स्फटिकाचा हा हट्टच टाळता यावा म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाकडे शास्त्रज्ञ वळले. द्रवरूप ईथेनमध्ये नमुना इतक्या त्वरेने बुडवावयाचा की पाण्याला बर्फाचे स्फटिक करण्यास अवसरच मिळू नये, ही युक्ती झाक दुबोशे यांची. विखुरलेल्या कणांच्या अस्पष्ट प्रतिमा जुळवून एक आकार उभा करण्याची रीत योआखिम फ्रँक यांची. रिचर्ड हेंडरसन यांच्यासह या दोघांना २०१७ साली नोबेल मिळाले. २०२० च्या आरंभी करोना विषाणूच्या काटेरी प्रथिनाची रचना याच मार्गाने कळली.

परंतु येथेच काळजी सुरू होते. इलेक्ट्रॉनांचा मारा नमुन्याला जाळतो, म्हणून तो तुटपुंजाच द्यावा लागतो, आणि मग लाखो पुसट प्रतिमांची सरासरी काढावी लागते. उच्च प्रतीच्या यंत्राला कोट्यवधींची तरतूद, अखंड वीज, द्रवरूप नायट्रोजनचा नित्य पुरवठा आणि कंपनरहित इमारत हवी. बंगळूरला असे राष्ट्रीय केंद्र आहे. प्रत्येक गावी ते उभारणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. कारण प्रथिन शुद्ध नसेल तर थेंबाप्रमाणेच हे महाग यंत्रही निरुत्तर होते. संगणक आता रचनांचे भाकीत करतो हे खरे, पण तो शिकला आहे १९७१ पासून जमा होत आलेल्या, माणसांनी सिद्ध केलेल्या रचनांवरून.

यंत्राच्या खरेदीला मंजुरी मिळते आणि नमुना तयार करणाऱ्या कुशल हाताची जागा रिकामी राहते, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी थोरले यंत्र सामाईक वापरावे, परंतु प्रथिन शुद्ध करणाऱ्या आणि थेंब लावणाऱ्या माणसांच्या कायम जागा आपापल्या अंदाजपत्रकात पहिल्या कलमावर घालाव्यात, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.