मोकळा खेळाडू आणि घडविणाऱ्याचे ऋण

खानदेशात सालदाराचे साल आखाजीला संपते. नरडाण्याच्या परिसरात कापसाच्या शेतीत वर्षभर राबलेला गडी त्या सुमारास मालकाशी हिशेब करतो. उचल फिटली असेल तर त्याच घरी राहावे की दुसरा मालक धरावा, हे ठरविण्यास तो मोकळा असतो. उचल बाकी असेल तर मात्र त्याचा पाय अडकतो. कर्जापोटी माणसाला असे जखडून ठेवणे 1976 च्या वेठबिगारविरोधी कायद्याने गुन्हा ठरविले आहे. परंतु ज्याचा हिशेब पूर्ण चुकता झाला त्यालाही जुन्या धन्याने अडवावे आणि नव्या धन्याने किंमत मोजल्यावाचून सोडू नये, ही रीत सालदारीतही नव्हती. ती होती युरोपातील व्यावसायिक फुटबॉलमध्ये, आणि 1995 पर्यंत अनेक देशांत ती राजरोस चालू होती.

तेथे करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबाच्याच ताब्यात राही. इंग्लंडमध्ये जॉर्ज ईस्टहॅमच्या खटल्यात 1963 साली न्यायालयाने या पद्धतीवर कोरडे ओढले. तरीही करारानंतरचे हस्तांतर शुल्क कायम राहिले. पुढे बेल्जियममधील लिएज क्लबाच्या झाँ-मार्क बोसमन या मध्यम दर्जाच्या खेळाडूचा करार 1990 मध्ये संपला. क्लबाने त्याला पूर्वीच्या सुमारे एक चतुर्थांश वेतनावर नवा करार देऊ केला. तो त्याने नाकारला, तेव्हा फ्रान्समधील डंकर्क क्लबाकडे जाण्याची त्याची वाटही रोखली गेली. पाच वर्षांच्या झगड्यानंतर युरोपीय न्यायालयाने 15 डिसेंबर 1995 रोजी निर्णय दिला. करार संपलेल्या युरोपीय नागरिकाच्या दुसऱ्या सदस्य-देशातील क्लबाकडे जाण्यावर शुल्क लावता येणार नाही, आणि संघातील अशा नागरिकांच्या संख्येवर राष्ट्रीयत्वाची मर्यादाही घालता येणार नाही. बोसमन तोवर एकतीस वर्षांचा झाला होता. त्याने मिळविलेल्या स्वातंत्र्याची फळे इतरांनी चाखली.

ही फळे मोठी होती. जुन्या क्लबाला द्यावयाची रक्कम वाचली म्हणजे तिचा मोठा भाग वेतनाच्या आणि करारावेळच्या बक्षिसाच्या रूपाने खेळाडूच्या पदरात पडू लागला. कराराच्या अखेरच्या सहा महिन्यांत तो दुसऱ्या क्लबाशी बोलणी करू शकतो. त्यामुळे क्लब लांब मुदतीचे करार करू लागले आणि शेवटचे वर्ष उजाडण्यापूर्वीच खेळाडू विकण्याची घाई करू लागले. टॉटनहॅमचा कर्णधार सोल कॅम्पबेल 2001 मध्ये करार संपताच प्रतिस्पर्धी आर्सेनलकडे गेला. टॉटनहॅमच्या हाती छदामही आला नाही.

खरा फटका बसला तो खेळाडू घडविणाऱ्यांना. ॲमस्टरडॅमच्या आयॅक्सने आपल्याच शाळेत वाढलेल्या तरुणांच्या बळावर 1995 मध्ये युरोपचे अजिंक्यपद पटकावले. पुढच्याच वर्षी डेव्हिड्स आणि रायझिगर, तर 1997 मध्ये क्लायव्हर्ट, करार संपताच मिलानला गेले. त्यानंतर कोणत्याही डच क्लबाला ते अजिंक्यपद मिळालेले नाही. याचे सारे खापर एका निकालावर फोडणे अन्यायाचे होईल. दूरचित्रवाणीच्या पैशाने श्रीमंत झालेल्या मोजक्या क्लबांचा वाटाही त्यात मोठा आहे. परंतु पेरणी एकाची आणि सुगी दुसऱ्याची, हा प्रकार त्या निकालाने सोपा केला, हे नाकारता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिफाने, 2001 मध्ये यावर दोन उपाय योजले. आंतरराष्ट्रीय हस्तांतरात तेविसाव्या वर्षाच्या हंगामापर्यंत घडविणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण-भरपाई द्यावयाची, आणि शुल्क देऊन होणाऱ्या हस्तांतरातील पाच टक्के रक्कम बारा ते तेवीस या वयात खेळाडूला वाढविणाऱ्या क्लबांत वाटावयाची. हेतू उत्तम, पण येथेच मेख आहे. शुल्कच शून्य असेल तर त्याचे पाच टक्केही शून्यच. पंचविशीतला खेळाडू मोकळा होऊन गेला की त्याला घडविणाऱ्याचे खाते कोरे राहते.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आला आहे. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाल्यापासून गोवा आणि मुंबई यांच्यात खेळाडूंची ये-जा वाढली. पहिल्या हंगामापासून एफसी गोवाकडून खेळलेला मंदार राव देसाई 2020 मध्ये मुंबई सिटीकडे गेला आणि त्याच हंगामात मुंबईने विजेतेपद मिळविले. उलट, पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला गोव्याचा डेम्पो 2016 मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. आणि 2025 मध्ये लीगचे भवितव्यच टांगणीला लागले, तेव्हा बंगळूरच्या क्लबाने मुख्य संघाचे वेतन थांबविले. धनी निवडण्याचे स्वातंत्र्य मोलाचे खरे. पण धनीच उरला नाही तर ते स्वातंत्र्य वापरावे तरी कोठे?

तरीही जुन्या जोखडाकडे परतणे हे उत्तर नव्हे. घडविण्याचा खर्च खराच आहे. पण तो खेळाडूला ओलीस ठेवून वसूल करणे गैर आहे. दोन हिशेब वेगळे केले पाहिजेत. खेळाडूचा करार संपला की तो निर्वेध मोकळा व्हावा. आणि घडविणाऱ्याचा वाटा हस्तांतर शुल्काऐवजी नव्या क्लबाने देऊ केलेल्या वेतनाच्या प्रमाणात, त्या क्लबाकडून घेतला जावा. मग शुल्क असो वा नसो, वाटा बुडणार नाही.

त्यासाठी आधी नोंद हवी. नरडाण्यासारख्या गावातून उद्या एखादा मुलगा पुण्यामुंबईच्या मैदानावर पोहोचला, तर त्याच्या बाराव्या वर्षापासूनच्या जडणघडणीची नोंद एखाद्या मान्यताप्राप्त क्लबाच्या नावे असल्यावाचून या वाट्यावर गावाला हक्कच सांगता येणार नाही. शाळेचा क्रीडाशिक्षक कितीही झिजला तरी त्या हिशेबात तो बसत नाही. जिल्हा संघटनांनी गावोगावच्या मंडळांची व मुलांची नोंदणी हे आपले पहिले कर्तव्य मानले, तरच खेळाडूचे स्वातंत्र्य आणि घडविणाऱ्याचे ऋण ही दोन्ही एकाच वेळी जपता येतील.