केकमधील मसाला आणि आहारविवेक

अलिबाग, चौल, रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंत रायगड किनाऱ्यावरील नारळी-पोफळीच्या वाड्यांत जायफळाचे झाडही सावलीत वाढते. त्याचे पिकलेले फळ उकलले की आत लाल, जाळीदार जायपत्री आणि तिच्या आत कवचातले जायफळ दिसते. एकाच फळाचे हे दोन मसाले अंड्याविना केक करणाऱ्या गृहिणीच्या मोठ्या उपयोगाचे आहेत. ऐन वेळी जायफळ संपल्याचे ध्यानात आले, तर तेवढीच किंवा किंचित कमी जायपत्रीची पूड घालावी. गंध जवळचाच येतो. वेलदोडाही चालतो, मात्र स्वाद पालटतो.

आल्याची गोष्ट वेगळी. आल्याच्या केकच्या कित्येक कृतींत ओले आले सांगितलेले असते. जैन आहारात ते अनंतकाय म्हणून वर्ज्य. सुंठ मात्र अनेक घरांत चालते. वाळताना आल्याचा तिखटपणा अधिक उग्र होतो. म्हणून मोठा चमचाभर किसलेल्या आल्याच्या जागी पाव लहान चमचा सुंठपूड पुरते. ती मैद्याबरोबर चाळून घेतल्यास सर्वत्र सारखी मिसळते.

जायफळाच्या बाबतीत हात आखडताच ठेवावा. प्रमाणाबाहेर गेल्यास ते गुंगी आणते. घरगुती केकला पाव लहान चमचा पूड पुष्कळ होते. मसाला बदलताना चव जुळते का, एवढेच पाहून भागत नाही. तो आपल्या आहारमर्यादेत बसतो का आणि किती घ्यावा, याचाही विचार व्हावा. रसनेवरील संयम स्वयंपाकघरातील अशा लहान निर्णयांतूनच अंगवळणी पडतो.