कृष्णगिरीच्या पाणवाटेने

आमच्या तारोडीहून भाईंदर स्थानक, तेथून लोकलने बोरिवली आणि राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटरांची अरण्यवाट, एवढा प्रवास केला म्हणजे कान्हेरी येते. आणि जिला आपण सवयीने 'लेणी' म्हणून मोकळे होतो, ती वस्तुतः एका नांदत्या नगराची वसाहत होती, याची प्रचीती तेथे एखाद्या जाणत्या वाटाड्यासमवेत पायी हिंडल्यावाचून येत नाही. शिलालेखांत 'कण्हगिरि', म्हणजे कृष्णगिरी, या नावाने येणाऱ्या या काळ्या डोंगरात इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास छिन्नी चालू लागली आणि पुढे सुमारे हजार वर्षे येथे भिक्षुसंघाचा मुक्काम राहिला. त्या अवधीत खोदलेल्या लेण्यांची संख्या शंभराहून अधिक भरते.

तिसऱ्या क्रमांकाचा चैत्य, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातील त्याचा लेख आणि व्हरांड्यातील दोन महाकाय बुद्धमूर्ती पाहून बहुतेक मंडळी माघारी फिरतात. माझ्या मते खरी कान्हेरी तेथून वर सुरू होते.

कातळात कोरलेल्या पायऱ्या चढून गेले की घरांमागून घरे लागतात: पुढे ओसरी, आत खोली, भिंतीशी निजण्याचा दगडी ओटा आणि अंगणाच्या कडेला पाण्याचे टाके. या टाक्याला शिलालेखांत 'पोढी' म्हटले आहे. आमच्या वाटाड्याने एका लेण्यापुढे थांबून आपल्या बाटलीतले पाणी वरच्या उतारावर सावकाश ओतले. ते बोटभर खोल पन्हाळीतून वळण घेत, कोठेही न सांडता, थेट टाक्याच्या तोंडाशी येऊन आत पडले, तेव्हा ज्या कारागिराने या कातळाचा उतार हाताने जोखला असेल त्याच्या विद्येपुढे माझे मस्तक आपोआप नत झाले. उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हा लोकांना ही तजवीज मूर्तींइतकीच पूज्य वाटली पाहिजे.

या वस्तीचा खर्च कसा भागे, तेही दगडावरच नमूद आहे. 'अखयनीवी' म्हणजे मुद्दलाला हात न लावता केवळ उत्पन्नावर चालणारी देणगी. एका लेखात 'मंगलथान' गावचे शेत अशा रीतीने लावून देऊन भिक्षूच्या वस्त्राची सोय केलेली आहे. हे मंगलथान म्हणजे, आज ज्याच्या नावाने मेट्रोचे स्थानक आहे, ते बोरिवलीचे मागाठाणे! कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांची नावेही दात्यांत आहेत, आणि नवव्या शतकात शिलाहारांच्या अमदानीतही दानाचा हा ओघ आटलेला नव्हता.

नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख आहेत. इ. स. १००९ व १०२१ मध्ये पारशी मंडळी येथे येऊन आपली नावे कोरून गेली, म्हणजे हे नगर पाहावयास येण्याची वहिवाटही हजार वर्षांची आहे. आजच्या पाहुण्यांनी मात्र भिंतीवर नाव घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सोमवारी उद्यान बंद असते. शक्य झाल्यास आषाढ-श्रावणात जावे. त्या दिवसांत पन्हाळी वाहत्या असतात आणि पोढ्या भरताना प्रत्यक्ष दिसतात.