उघडता येणारा लॅपटॉप

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुने लॅपटॉप विकणाऱ्या दुकानांत काळ्या, चौकोनी यंत्रांची चवड दिसते. कीबोर्डच्या मधोमध लाल ठिपका. मोठ्या कंपन्यांनी काही वर्षं वापरून काढून टाकलेले हे थिंकपॅड. ज्याला लॅपटॉप नीट राखायला शिकायचंय, त्याने शिकण्यासाठी याहून चांगलं यंत्र शोधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयबीएमने पहिला प्रसिद्ध थिंकपॅड, 700सी, ऑक्टोबर 1992 मध्ये बाजारात आणला. घडण जपानमधल्या यामातो प्रयोगशाळेत अरिमासा नाइतो यांच्या नेतृत्वाखाली झाली, रूप दिलं रिचर्ड सॅपर या जर्मन डिझायनरने. ते त्यांना जपानी जेवणाच्या काळ्या बेंतो डब्यावरून सुचलं: बाहेरून साधा, उघडला की सगळं जागच्या जागी. बोटं कीबोर्डवरून न उचलता बाण हलवता यावा म्हणून टेड सेल्कर यांनी तो लाल ठिपका घडवला. 2005 मध्ये हा व्यवसाय लेनोव्होकडे गेला.

त्या डब्याची खरी कमाल झाकणाखाली आहे. 2018 चा टी480 घ्या. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढता-घालता येतात, बॅटऱ्या दोन, त्यातली मागची तर बाहेरूनच निघते. प्रत्येक भाग कोणत्या क्रमाने सोडवायचा, हे सांगणारी सचित्र पुस्तिका कंपनीनेच सर्वांसाठी मोफत ठेवली आहे. बिघाड झाला की आधी ती वाचावी, मग दुकान गाठावं.

लॅपटॉप म्हातारा होतो तो मुख्यतः उष्णतेने. बहुतेक लॅपटॉप पोटाखालून थंड हवा ओढतात. गादीवर किंवा उशीवर ठेवला की तीच वाट बंद होते, पंखा घरघरू लागतो आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. आपण म्हणतो, ‘लॅपटॉप स्लो झालाय’, आणि नवा घ्यायला निघतो. त्याआधी एकदा झाकण उघडून पाहा. टी480 मध्ये आधी बायॉसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन आतली बॅटरी बंद करायची, मग मागची काढायची. झाकणाचे स्क्रू सैल केले तरी झाकणातच अडकून राहतात, हरवत नाहीत. पंखा आणि तांब्याच्या नळीच्या टोकाला असलेल्या बारीक पट्ट्या, यांच्यामध्ये धुळीचा आणि केसांचा एक राखाडी थर साचलेला असतो. चिमट्याने उचलला तर नमद्याच्या तुकड्यासारखा अख्खा निघतो. फुंकणीने हवा मारताना मात्र पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. ती भन्नाट फिरली तर पंखा बिघडू शकतो.

बॅटरीचंही असंच. लिथियम-आयन बॅटरी शंभर टक्के भरलेली आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत राहिली की लवकर झिजते. दिवसभर चार्जर लावूनच काम करणाऱ्यांनी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबेल अशी मर्यादा घालावी. थिंकपॅडमध्ये ही सोय आहे. बॅटरी फुगली, टचपॅड वर आल्यासारखा वाटला, तर वापर तिथेच थांबवावा. ती दाबू नये, टोचू नये.

कीबोर्डवर चहा सांडला, तर तो वाहून जायला खाली भोकं ठेवलेली आहेत. तरी यंत्र लगेच बंद करून चार्जर काढायचा आणि पूर्ण वाळेपर्यंत यंत्र सुरू करायचं नाही. स्क्रीन पुसायची ती मऊ मायक्रोफायबर कापडाने. पाणी लागलंच तर फवारा कापडावर, स्क्रीनवर कधीच नाही.

पुढच्या टी490 मध्ये रॅमची एक पट्टी मदरबोर्डलाच जोडून टाकली आणि मागची निघणारी बॅटरी गेली. यंत्र पातळ झालं, पण मालकाचा हात आखडला. हे चुकलंच. म्हणून नवा असो वा जुना, लॅपटॉप घेताना दुकानदाराला दोन प्रश्न जरूर विचारा: रॅम बदलता येते का, आणि बॅटरी बाजारात मिळते का?